आकडा वर पोचतो, पट्टा खालीच राहतो

प्रति,
आरोग्यातल्या डिजिटल मशीनवर, अ‍ॅपवर आणि मोजमापावर संशोधन करणारी सगळी मंडळी, म्हणजे आयआयटीतले, मेडिकल कॉलेजमधले, स्टार्टअपवाले, आयसीएमआरचे, आणि या संशोधनाला पैसे देणारे सुद्धा

सप्रेम नमस्कार.

मी आरोग्यसेविका आहे. कागदावर एएनएम, गावात सिस्टर. १९ वर्षं झाली नोकरीला, त्यातली शेवटची ११ एकाच उपकेंद्रात. डोंगरातलं उपकेंद्र, पाच गावं आणि वर विखुरलेल्या वाड्या, पावसाळ्यात दोन वाड्यांना चालतच जावं लागतं. पगार, रिक्त पदं, प्रवासभत्ता यावर सरकारला लिहायचं ते आमची संघटना लिहिते. हे पत्र मोजमापाबद्दल आहे आणि ते तुम्हालाच लिहायचं होतं, कारण तुम्ही ज्याला डेटा म्हणता तो आमच्या हातातून निघतो.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. एक पोरगी, पहिलंच बाळंतपण, आठवा महिना, ऊसतोडीवरून नुकतीच परत आलेली. अंगानं अगदी काटकुळी. बीपी घ्यायला मशीनचा पट्टा दंडाला गुंडाळला तर तो जवळजवळ दोनदा फिरला, जिथे चिकटायला पाहिजे ती खूण पार पलीकडे गेली. आमच्याकडे एकच पट्टा. तसाच बसवला, बटण दाबलं, १२८/८२ आलं. अ‍ॅपमध्ये टाकलं, अ‍ॅपनं हिरवं दाखवलं, म्हटलं झालं. पण ती उठताना म्हणाली सिस्टर डोकं फार दुखतंय दोन दिवस, आणि मी खाली बघितलं तर तिच्या पायातली जोडवी मांसात रुतली होती. चेहरा पण नेहमीचा वाटेना. आशाताईला म्हटलं हिला आत्ताच पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, घेऊन जा, गाडी मिळेल ती पकड. तिथे डॉक्टरांकडे लहान पट्टा होता, त्यांनी तो लावून स्टेथोस्कोपनं कानानं ऐकून बीपी घेतलं. १४४/९६. लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन जात होतं, तेही धोक्याचं. तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून पुढे. बाळ लवकर झालं, १ किलो ९०० ग्रॅमचं, पण दोघं नीट घरी आली, आता बाळ रांगतंय.

त्या तारखेला अ‍ॅपमध्ये तिच्या नावासमोर अजूनही १२८/८२ च आहे. हिरव्या रंगात. आणि तो आकडा तालुक्याला गेला, जिल्ह्याला गेला, पुढे कुठल्या कुठल्या ग्राफमध्ये बसला असेल देव जाणे. पट्टा दोनदा फिरला होता हे कुठेच गेलं नाही, कारण ते लिहायला रकानाच नाही. दोन आकड्यांमधला सगळा फरक पट्ट्याचाच होता असं मी म्हणत नाही, बीपी तासातासाला बदलतं, एवढं मलाही कळतं. पण किती फरक पट्ट्याचा, किती मशीनचा आणि किती खरोखरचा, हे सांगता येईल असं काहीच त्या नोंदीत नाही, आणि माझं तुमच्याशी भांडण आहे ते एवढंच आहे.

त्या दिवसानंतर मी जमेल तसं वाचायला लागले, मुलगा नर्सिंगला आहे तो शोधून देतो, समजावून सांगतो. साधा मोठ्या माणसाचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. त्या पोरीचा दंड मी नंतर टेपनं मोजला तर जेमतेम २० भरला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी उगाच जास्त दिसतं, बारीक दंडाला मोठा लावला तर कमी दिसतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये एका वाक्यात सांगितलं होतं. किती, ते सांगितलं नव्हतं. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी १९५ माणसांवर हे करून बघितलं, २०२३ मध्ये छापून आलं. ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना साधा लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ नं जास्त दिसलं. एवढ्यानं माणूस जन्मभराच्या गोळीवर जातो! आणि ज्यांना लहान पट्टा हवा होता त्यांचं ३.६ नं कमी दिसलं. ३.६ म्हणजे काय विशेष असं वाटेल, पण गरोदर बाईला १४० ला धोक्याची रेषा आहे आणि १३८ वर आम्ही तिला घरी पाठवतो. शिवाय ते बाल्टिमोरचे बारीक दंड. आमच्या वाडीवरचे बारीक दंड, त्यातून गरोदर, त्यातून रक्त कमी, यांच्यात किती फरक पडतो हे कोण मोजणार? ते तुम्ही मोजायचं आहे. मला ते करता येत नाही, माझ्याकडे एकच पट्टा आहे.

त्याच गावच्या लोकांनी नंतर हात कुठे ठेवायचा यावर पण अभ्यास केला. हात टेबलावर छातीच्या उंचीला न ठेवता मांडीवर ठेवला तर वरचं बीपी सरासरी ४ नं जास्त, नुसता खाली लोंबकळत सोडला तर साडेसहानं जास्त. मी हे वाचलं आणि आमच्या उपकेंद्रात नजर फिरवली. एक टेबल आहे, त्यावर लसीचा डबा, रजिस्टरं, टॅब. बीपीला बसणाऱ्या बाईचा हात मग तिच्या मांडीवरच असतो की नाही! पाठीला टेकायला खुर्ची एकच, ती माझी. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसवायचं, बोलायचं नाही, पाय जमिनीला टेकलेले, अर्धा तास आधी चहा तंबाखू नाही, मग दोनदा मोजून सरासरी, असा नियम आहे. बाहेर ४० जण, त्यात दोन रडणारी पोरं, आणि जी समोर बसलीय ती दोन मैल चढ चढून आलीय, सासूबद्दल सांगायला आतुर झालीय, कारण तिला ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही. त्या पाच मिनिटांचं काय करायचं सांगा. मशीन बनवणाऱ्यांनी आकडा किती सेकंदात येतो ते खोक्यावर छापलंय. आकडा येण्याआधीची पाच मिनिटं कुठून आणायची यावर मात्र मला एकही संशोधन करणारा भेटला नाही.

एक कबुलीही देते, नाहीतर हे पत्र खोटं होईल. आम्ही १२०/८० लिहिलेलं आहे. न मोजता. सगळ्यांनीच नाही, सगळ्या दिवशी नाही, पण लिहिलंय, मी पण लिहिलंय, मशीनचे सेल गेले होते आणि संध्याकाळपर्यंत लाइन लिस्ट, म्हणजे नावानिशी यादी, पूर्ण करा म्हणून ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते तेव्हा. तुमच्यापैकी कोणी आमचा डेटा उघडला तर १२०/८० आणि ११०/७० चा ढीग दिसेल. त्याला तुम्ही डेटा क्वालिटीचा प्रॉब्लेम म्हणता, आणि मग फोटो अपलोड, लोकेशन, वेळेचा शिक्का असलं काहीतरी अ‍ॅपमध्ये घालता म्हणजे सिस्टरला खोटं लिहिता येऊ नये. त्यापेक्षा "मोजता आलं नाही" असं एक बटण द्या ना. रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढेच जात नाही, लाल चौकट येते. मग माणूस काय करणार, काहीतरी भरणारच. खरं रिकामं ठेवायची सोय नसली की खोटं भरलेलं मिळतं, आणि ते तुम्ही संशोधनाला वापरता.

मशीनबद्दलही सांगायचंय. पूर्वी पाऱ्याचं होतं, १९०५ मध्ये कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरांनी सांगितलेले ते ठोके कानानं ऐकून आम्ही बीपी घ्यायचो. पारा विषारी म्हणून ते गेलं, बरोबरच आहे. आताचं डिजिटल मशीन ठोके ऐकतच नाही, ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजतं आणि त्यावरून वरचा आणि खालचा आकडा हिशोबानं काढतं, तो हिशोब ज्या त्या कंपनीचा, आणि गुपित. म्हणजे स्क्रीनवर दिसतो तो मोजलेला आकडा नसतोच, काढलेला असतो. हे मला कामाच्या पंधराव्या वर्षी कळलं. नाडी अनियमित असेल तर हा हिशोब चुकू शकतो. प्री-एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका होतो तो आजार, असलेल्या बाईत तर अशी बरीच मशीनं बीपी खरं आहे त्यापेक्षा कमी दाखवतात, म्हणजे नेमकं जिथे चुकायला नको तिथेच. म्हणून गरोदर बायांवर मशीनची वेगळी तपासणी व्हावी लागते. अशी करता येते, केलेली आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या मंडळींनी क्रेडल नावाचं मशीन घेतलं, गरोदरपणात आणि प्री-एक्लॅम्प्सियात तपासून घेतलेलं, मोबाइलच्या चार्जरवर चालणारं, आकड्याबरोबर लाल पिवळा हिरवा दिवा लागणारं. आफ्रिकेत, हैतीत आणि आपल्या शेजारी बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकला मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला. आईला गरोदरपणात, बाळंतपणात होणारे गंभीर त्रास त्या मशीननं ठामपणे कमी झाले असं काही सिद्ध झालं नाही, आणि ते त्यांनी तसंच सांगितलं, लपवलं नाही. मला ही गोष्ट फार आवडली. मशीन चांगलं असूनही बाई वाचायला गाडी लागते, रक्त लागतं, पलीकडे डॉक्टर लागतो, हे त्यातून दिसतं.

बीपीच्या मशीनला मान्यता द्यायचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात कमीत कमी ८५ माणसांवर तपासणी लागते, सरासरी चूक ५ च्या आत आणि चुकांचा विखुरलेपणा ८ च्या आत बसला की पास. म्हणजे पास झालेलं मशीनसुद्धा एखाद्या बाईच्या बाबतीत १० नं चुकू शकतं. हे वाईट नाही, सगळी मोजमापं चुकतात. पण मग हे आम्हाला का सांगत नाही? त्या खोक्यात जे माहितीपत्रक येतं त्यात चीनपासून स्पेनपर्यंतच्या भाषा असतात, मराठीत एक ओळ नसते. आणि ते मशीन नवीन असतानाचं झालं. माझं मशीन चार वर्षांचं आहे, दोनदा पडलंय, एकदा भिजलंय. आमच्या गावातल्या वाण्याच्या काट्यावर दर वर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का बसतो, पाव किलो साखर कमी भरू नये म्हणून. माझ्या बीपी मशीनवर असा कुठलाच शिक्का नाही, चार वर्षांत कोणी तपासायला आलं नाही.

आता एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन. आधी ते मोजायला साहलीची नळी होती, रंग डोळ्यानं जुळवायचा, ढगाळ दिवशी वेगळा आणि उन्हात वेगळा. मग डिजिटल मीटर आलं आणि आम्हाला खरंच आनंद झाला. पण मीटरच्या आधी थेंब आहे. आमच्या बायांची बोटं तुम्ही कधी हातात धरून बघितली आहेत का? खुरपणीनं, भांड्यांच्या राखेनं, सरपणानं टोकं अशी टणक झालेली असतात की सुई आत जात नाही, गेली तर थेंब येत नाही. पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा आपोआप आलेला घ्यायचा, बोट पिळायचं नाही, पिळलं तर अंगातलं पाणी मिसळतं आणि एचबी कमी दिसतं. नियम पाठ आहे. पण आपोआप येतच नाही हो. थंडीत तर नाहीच. दुसऱ्यांदा टोचायचं म्हटलं की बाई हात मागे घेते, बरोबर आहे तिचं. मग पिळतो. पावसाळ्यात एचबी मीटरच्या पट्ट्यांच्या डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर दमट हवेनं पट्ट्या बिघडतात, ते वेगळंच.

हे माझ्या एकटीच्या उपकेंद्रातलं रडगाणं नाही. सगळ्या देशाचा आकडा यानं हलतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे एनएफएचएस-४ मध्ये, बोटातल्या रक्तावरून लहान मुलांतला अ‍ॅनिमिया जवळजवळ ५९ टक्के आला, आणि २०१६ ते १८ मध्ये झालेल्या सीएनएनएस या देशभरातल्या मुलांच्या पोषणाच्या पाहणीत शिरेतून रक्त घेऊन तो ४१ टक्क्यांच्या आसपास आला. काळ जवळजवळ तोच, देश तोच. पाहण्यांत आणखीही फरक असतील, पण रक्त कुठून आणि कसं घेतलं हा त्यातला मोठा, म्हणून तर एनएफएचएस-६ मधून अ‍ॅनिमिया काढला आणि हैदराबादच्या एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वेगळ्या पाहणीत शिरेतल्या रक्तावर सोपवला. एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे असं आलं, तो आकडा आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये भिंतीवर असतो. त्यात किती बायका आणि किती पिळलेले थेंब, मला माहीत करून घ्यायचंय. त्याचा अर्थ आमच्या बायकांना अ‍ॅनिमिया नाही असा कोणी काढू नका, पांढरे पडलेले डोळे मी रोज बघते.

आणि आता म्हणे पापणीचा, नखाचा फोटो काढून एआय एचबी सांगणार. बोट टोचायचं टळलं तर माझ्याइतकी खूश कोणी होणार नाही, मनापासून सांगते. पण एक विचारते, त्या एआयला शिकवताना खरं उत्तर म्हणून तुम्ही कुठला आकडा देणार? शिरेतलं रक्त लॅबमध्ये तपासलेला, की आमच्या अ‍ॅपमध्ये आधीच लाखानं पडलेला आहे तो? दुसरा दिलात तर तुमचं एआय आमचं पिळणंच शिकेल, आणि ते कोणाला दिसणारही नाही कारण एकदा मशीन म्हणालं की डॉक्टरसुद्धा गप्प बसतात.

कोविडमध्ये हेच झालं होतं. २०२१ चा एप्रिल मे, आमच्याकडे पाच ऑक्सिमीटर, आशाताई दारोदार फिरत होत्या, ९४ च्या खाली आलं की फोन करायचा. त्या छोट्या चिमट्यानं माणसं वाचवली यात मला शंकाच नाही, जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७० च्या दशकात ती कल्पना काढली म्हणून. पण डिसेंबर २०२० मध्येच अमेरिकेतून अभ्यास आला होता. ज्यांचा ऑक्सिजन मशीनवर ९२ ते ९६ म्हणजे ठीक दिसत होता त्यांचं रक्त तपासलं तर गोऱ्या रुग्णांच्या तपासण्यांत ३.६ टक्के वेळा आणि काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के वेळा खरा ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला. बोटातून दोन प्रकारचा उजेड पाठवून हिशोब करणारं मशीन ते, कातडीचा रंग मध्ये येणारच. अमेरिकेत तोपर्यंत या मशीनच्या तपासणीला निरोगी दहा जण पुरत होते आणि त्यात काळसर कातडीचे दोन. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय मशीनं यांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेनं, मसुदा काढला की किमान १५० जण घ्या, सगळ्या रंगांचे. मला आमच्या वाडीवरचे ते आजोबा आठवतात, दिवसभर उन्हात राबून कोळशासारखा झालेला रंग, बोटांना चिरा, मशीन ९५ म्हणत होतं आणि आजोबांना वाक्य पुरं बोलता येत नव्हतं. आमची आशाताई आकड्यावर विसंबली नाही, तिनं फोन केला. आपल्या देशात एवढे रंग आहेत कातडीचे, ही तपासणी सगळ्यात आधी आपल्याकडून व्हायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं.

तुम्ही म्हणाल, सिस्टर नुसत्या चुका काढतायत. नाही. आपल्याच महाराष्ट्रात हे नीट करून दाखवलेलं आहे, तेही डिजिटल येण्याआधी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं बालन्यूमोनियावर काम केलं, १९९० मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे मिनिटातले श्वास मोजायचे, दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६०, वर्षाच्या आत असेल तर ५०, तेवढे किंवा जास्त असले की धोका. पण बाळाजवळ पहिली पोचते ती गावातली दाई, आणि तिला साठपर्यंत मोजणं जमत नव्हतं. मग त्यांनी तिच्यासाठी श्वासमापक बनवला. एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मणी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोचली की न्यूमोनिया. दाईला मोजता येत नाही हा दाईचा दोष धरला नाही, वस्तू तिच्या हाताला बेतून केली. मी ती वस्तू ट्रेनिंगला हातात घेतली होती, मण्यांचा टक टक आवाज अजून आठवतो. त्यात वायफाय नव्हतं, पण मोजणारी कोण आहे हे बनवणाऱ्याला नक्की माहीत होतं.

तुमच्यातली एक टीम दोन वर्षांपूर्वी आमच्या पीएचसीत आली होती, नाव घेत नाही, माणसं चांगली होती. नवीन मशीन आणलं होतं. पंख्याखाली, टेबलाशी, एकेका बाईला नीट बसवून दोन दिवस मोजलं. आम्हाला शेवटी एक फॉर्म दिला, मशीन वापरायला किती सोपं वाटलं, १ ते ५. मी ५ दिलं, सोपं होतंच. पण वाडीवर या, उन्हात, ओट्यावर, तिथे माझ्या हातात द्या आणि तुम्ही बाजूला बसा, असं कोणाला म्हणायला जागाच नव्हती त्या फॉर्ममध्ये. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाइल परत केले होते ते तुम्हाला आठवत असेल, हँडसेट बंद पडत होते आणि नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत होतं. मोबाइल परत करायची वेळ येईपर्यंत त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून सांगते, पुढचा प्रकल्प लिहाल तेव्हा आमच्यापैकी दोघीतिघींना सुरुवातीलाच घ्या, फॉर्म भरायला नको, काय मोजायचं ते ठरवायला. आकड्याबरोबर तो कसा घेतला हे जाईल असं काहीतरी करा, पट्टा कुठला, हात कुठे, बोट पिळलं का, एका टिचकीत होईल असं, आणि त्यासाठी आम्हाला मेमो मिळणार नाही याची लेखी हमी. चूक किती असू शकते ते मराठीत मशीनवरच चिकटवा. मशीन दर वर्षी तपासायला कोण येणार त्याचे पैसे बजेटमध्येच धरा, नंतर कोणी देत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला पीएचसीत गरोदर मातांची तपासणी असते, पण तिथे येऊ नका, आदल्या आठवड्यात आमच्याकडे या, मी वाडीवर जाते तेव्हा बरोबर चला. चढ आहे, बूट घालून या. सध्या माझ्या यादीत ११ जणी आहेत, मी सगळ्यांचे दंड टेपनं मोजून वहीत लिहून ठेवलेत, चौघींचे २२ च्या आत आहेत. एकीला पुढच्या महिन्यात आठवा लागतो. येताना लहान पट्टा घेऊन या.

आपली,
डोंगरातल्या उपकेंद्राची एक आरोग्यसेविका